मथळा आहे, मजकूर निरंक

सरकारी संकेतस्थळावरचे मथळे नुसते वाचले, तरी आपण फार सुखी राज्यात राहतो असं वाटू लागतं. 'आमच्याविषयी', 'ध्येय व उद्दिष्टे', 'नागरिकांची सनद', 'तक्रार निवारण', 'आपले अभिप्राय', 'यशोगाथा'. यशोगाथा तर असतेच. गेल्या पावसाळ्यातले खड्डे या पावसाळ्यापर्यंत ज्यांच्याकडून बुजलेले नसतात, त्यांचीही यशोगाथा असते. हा आनंद टिकवायचा तर एकच पथ्य आहे. मथळ्यावर क्लिक करायचं नाही.

माझ्या भाच्याला हे पथ्य पाळता आलं नाही, कारण क्लिक करण्याचेच त्याला पैसे मिळणार होते. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने आपल्या कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला. त्यात स्वच्छता होती, तक्रार निवारण होतं आणि संकेतस्थळ अद्ययावत करणंही होतं. भारतीय गुणवत्ता परिषदेने मूल्यमापन केलं आणि १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, टक्केवारीसकट निकाल लागला. मागोमाग दीडशे दिवसांचा दुसरा कार्यक्रम आला. सरकारी कार्यालयाला पैसे कमी द्या, माणसं कमी द्या, ते कुरकुरत का होईना चालतं. पण कोणी गुण देणार म्हटलं की ते खडबडून जागं होतं. अशाच एका जाग्या झालेल्या कार्यालयाने आपलं संकेतस्थळ बाहेरच्या माणसांकडून तपासून घ्यायचं ठरवलं. (नाव सांगत नाही. भाच्याच्या कंपनीचं बिल अजून निघायचं आहे.)

काम कागदावर अगदी सोपं. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २००९ साली काढली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. त्यांच्या पाठीशी वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत आणि त्यांत २.४.६ क्रमांकाचा एक निकष आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की मथळा वाचून खाली काय आहे ते कळलं पाहिजे. हे जगभरच्या तज्ज्ञांना एकत्र बसून, क्रमांक घालून लिहावं लागलं, त्या अर्थी आपल्यासारखी कार्यालयं इतरत्रही असणार. मला तेवढाच धीर आला.

भाच्याला एक्सेलचा तक्ता दिला होता. पहिल्या रकान्यात मथळा. दुसऱ्यात 'मजकूर आहे का?' तिसऱ्यात 'मजकूर मथळ्याशी जुळतो का?' उत्तरं होय किंवा नाही. पोरगा इंग्रजी माध्यमातला. काम सुरू केल्या केल्या त्याचा फोन आला.

"मामा, निरंक म्हणजे काय हो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे, तुम्हाला माहीत नाही?"

"अरे, निरंक म्हणजे काही नाही."

"मग दुसऱ्या रकान्यात काय लिहू? मजकूर आहे. पण मजकूर असा आहे की मजकूर नाही."

हा पेच माझ्या आवाक्यातला नव्हता. आमच्या शेजारी भाऊसाहेब राहतात. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण अजूनही दूधवाल्याच्या बिलावर 'पाहिले' असं लिहून तारीख घालतात. त्यांनी चष्मा न काढता निकाल दिला. "होय लिहा. रकाना कोरा ठेवला तर माहिती अप्राप्त. निरंक लिहिलं तर माहिती प्राप्त. कोऱ्या रकान्यावर स्मरणपत्र येतं, निरंकवर येत नाही." एवढं बोलून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. भाच्याने 'होय' लिहिलं, आणि त्या क्षणापासून भाऊसाहेब या प्रकल्पाचे विनामानधन सल्लागार झाले.

पहिला मोठा मथळा 'नागरिकांची सनद'. तिच्यामागे केवढा कायदा आहे! 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५'. नाव एका दमात वाचून होत नाही, पण आत चांगल्या गोष्टी आहेत. कलम ८ म्हणतं, प्रत्येक कार्यालयाने सनद प्रसिद्ध करावी. कलम १० म्हणतं, नेहमीची फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. एका कायद्यात बदली आणि दिरंगाई एकत्र कशाला, असं मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "फाईल हलत नाही तेव्हा लोक साहेबाच्या बदलीचीच वाट बघतात ना?" जाता जाता सांगतो, विलंबाला प्रतिबंध करणारा हा २००५ चा कायदा अधिनियम क्रमांकाने २००६ चा आहे.

तर सनद उघडली. तक्ता देखणा, कडा निळ्या. त्यातली एकच ओळ इथे उतरवतो.

सेवेचे नाव: दुय्यम प्रत देणे. आवश्यक कागदपत्रे: आवश्यक ती सर्व. शुल्क: शासनाने वेळोवेळी विहित केल्याप्रमाणे. वेळेची मर्यादा: नियमानुसार. जबाबदार अधिकारी: संबंधित. विलंब झाल्यास तक्रार कोणाकडे: वरिष्ठ.

या ओळीत चूक काढून दाखवा. मी बराच वेळ शोधली. एकही शब्द खोटा नाही, एकही रकाना रिकामा नाही, आणि ती वाचून उठलेला माणूस वाचायला बसला तेव्हा जिथे होता तिथेच आहे. भाच्याने तिसऱ्या रकान्यात 'नाही' लिहिलं, तर भाऊसाहेब हळहळले. "अहो, जुळतंय की! कागदपत्रं विचारली, कागदपत्रं सांगितली. वेळ विचारली, वेळ सांगितली."

"पण दिवस किती?"

"ते सनदेत नसतं. ते फाईलवर असतं."

"आणि फाईल कुठे असते?"

"ते संबंधित जाणे."

याच कार्यालयाचा दुसरा तक्ताही आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे अधिसूचित सेवांना दिवस लिहावे लागतात, अधिकारी लिहावा लागतो, पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग, आणि कसूर झाली तर पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड. या तक्त्यात दिवस आकड्यांत आहेत. म्हणजे आकडे लिहिता येत नाहीत असं नाही. दंड असला की येतात.

मग आलं 'माहितीचा अधिकार', आणि त्याखाली कार्यालयातल्या माणसांच्या तोंडी 'चार एक ख' म्हणून रुळलेलं प्रकरण. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपणहून १७ बाबींची माहिती प्रसिद्ध करायची आहे. २००५ साली त्यासाठी १२० दिवसांची मुदत होती, आणि पुढे ती दरवर्षी अद्ययावत करायची आहे. हेतू असा, की माणसाला माहितीसाठी अर्जच करावा लागू नये. माझ्या मते या देशातल्या कायद्यांत इतकं सभ्य कलम दुसरं नसेल. यजमानाने पाहुण्याला मागायला न लावता पाणी पुढे करावं, तसं ते लिहिलेलं आहे.

या १७ बाबींची यादी प्रत्येक कार्यालयाने मथळ्यांसह जशीच्या तशी उतरवली आहे. अनुस्वारही हललेला नाही. गडबड फक्त खाली आहे. पंधराव्या बाबीत नागरिकांसाठीच्या सोयी सांगायच्या असतात, आणि लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनालय चालवत असाल तर त्याच्या वेळा. आमच्या कार्यालयाने तिथे लिहिलं होतं: 'या कार्यालयात ग्रंथालय नाही. वेळ सकाळी १० ते सायंकाळी ५.४५. दुसरा व चौथा शनिवार सुट्टी.' नसलेलं ग्रंथालय दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतं ही माहिती किती जणांच्या उपयोगी पडली असेल, सांगता येत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्यात पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कार्यालय सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा झालं. साहेबांना सगळेच शनिवार सुट्टी मिळाली. पानावरच्या पहिल्या, तिसऱ्या शनिवारची ड्यूटी अजून संपलेली नाही.

नववी बाब म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि दहावी त्यांचा मासिक पगार. निर्देशिकेत जे होते त्यांतले निम्मे बदलून गेलेले, आणि एक जण तर आमच्या दिवाणखान्यात बसून चहा पीत होते. भाऊसाहेबांनी नोकरीतली काही वर्षं तिथे काढली होती. आपलं नाव, पदनाम आणि कार्यासन क्रमांक पाहून ते क्षणभर गहिवरले. "राहू द्या, खोडायला सांगू नका," म्हणाले. तेवढ्यात वहिनींनी मागून वाकून दहावी बाब वाचली. आकडा दोनदा वाचला. "मला तर पाचशे कमी सांगत होतात," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. कलम ४ मुळे प्रशासनात पारदर्शकता येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. घरात येतानाही पाहिली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर संकेतस्थळावर एक गोष्ट कधीच शिळी नसते. मंत्र्यांचा फोटो. सनद दहा वर्षांची जुनी असेल, दूरध्वनी क्रमांक जुन्या इमारतीचा असेल, पण शपथविधी झाला की मुखपृष्ठावरचे चेहरे बदललेच. ५ डिसेंबर २०२४ च्या शपथविधीला हे सोपं होतं. पण २०१९ चा नोव्हेंबर आठवा. २३ तारखेला 'पहाटेचा' म्हणून गाजलेला शपथविधी, २६ ला राजीनामे, २८ ला शिवाजी पार्कवर नवं मंत्रिमंडळ. त्या आठवड्यात राज्यात काय उलथापालथ झाली यावर पुस्तकं निघाली, लेखमाला आल्या. फोटो चढवण्याचं काम करणाऱ्या कंत्राटी मुलाची मात्र कोणी मुलाखत घेतली नाही.

याच्या उलट 'नवीन काय?' हा मथळा. त्याच्या बाजूला लाल-पिवळं 'नवीन' असं लुकलुकत असतं. जे लुकलुकतं ते हमखास संकेतस्थळावरचं सगळ्यात जुनं असतं. आम्ही तपासलेल्या पानावर जी निविदा लुकलुकत होती ती भाचा आठवीत असतानाची होती. पुरवठा फ्लॉपीचा. 'नवीन' ही खूण लावायला सांगणारं पत्र येतं, काढायला सांगणारं पत्र आजवर कोणी लिहिलेलं नाही. आणि लेखी आदेशाशिवाय काढणार कोण?

'ध्येय' या मथळ्याखाली तर चक्क लॅटिन होतं. 'लोरेम इप्सम' म्हणून जो मजकूर छपाईवाले नमुन्याला टाकतात, तो तसाच राहून गेलेला. भाऊसाहेबांनी तो मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. म्हणाले, "हायकोर्टाचं काहीतरी दिसतंय. हात लावू नका."

हसण्याच्या ओघात एका मथळ्यापाशी मात्र भाचा थांबला. प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर वरच्या कोपऱ्यात 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' असा दुवा असतो. अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालींची तिथे यादी असते: एनव्हीडीए, जॉज, सफा, थंडर, विंडो-आइज. यातल्या विंडो-आइजची विक्री २०१७ मध्येच थांबली, पण यादीतून तिला निवृत्ती नाही. ते एक वेळ जाऊ द्या. भाच्याने एनव्हीडीए लावलं आणि डोळे मिटून कळफलकावरचं 'एच' दाबत गेला. ते दाबलं की प्रणाली एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारते. न पाहता पान चाळायचं ते असंच. २.४.६ या निकषामागे हीच माणसं आहेत. मथळे एकामागून एक ऐकू येत गेले. नागरिकांची सनद. योजना. अर्जाचे नमुने. लाभार्थ्यांची यादी. आवाज स्वच्छ, क्रम बिनचूक. 'अर्जाचे नमुने' पाशी थांबून आत गेलो, आणि आवाज बंद पडला. आत तिरका स्कॅन केलेला कागद होता. डोळसाला त्यावर स्टेपलरची पिन, कोणाच्या तरी अंगठ्याची सावली आणि पुसट अक्षरं दिसतात. यंत्राला ते नुसतं चित्र. फाईलचं नाव 'स्कॅन शून्य शून्य शून्य सात, फायनल, नवीन, दोन'. भाऊसाहेबही या ठिकाणी काही बोलले नाहीत. वाचणाऱ्या यंत्राची माहिती देणारं पान आहे, आणि त्या यंत्राला वाचता येईल असा अर्ज नाही.

जिल्ह्यांच्या संकेतस्थळांची तऱ्हा निराळी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्यांना एकच साचा दिला आहे, तो उत्तम आहे, मोबाइलवरही नीट दिसतो. त्यात पर्यटनस्थळ म्हटलं की 'कसे पोहोचाल?' आणि त्याखाली तीन मथळे: विमानाने, रेल्वेने, रस्त्याने. तिन्ही भरलेच पाहिजेत. मग डोंगरावरच्या एखाद्या देवळापाशी, जिथे शेवटचे दोन मैल खेचरसुद्धा विचार करून चढतं, तिथे 'विमानाने' या मथळ्याखाली शेजारच्या नाहीतर त्याच्याही शेजारच्या जिल्ह्यातल्या विमानतळाचं नाव येतं. तिथे उतरून पुढे काय, तर 'रस्त्याने' पाहा. 'रस्त्याने' खाली लिहिलेलं असतं, 'रस्ता उपलब्ध आहे'. शाळेत 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' असा प्रश्न असायचा. काही मुलं मुद्दे सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढायची आणि मधल्या टिंबटिंबांच्या जागी 'आणि मग' लिहायची. त्यांना नापास करणं गुरुजींना जड जायचं. ती मुलं पुढे कुठे गेली असतील, याचा मला अलीकडे अंदाज आला आहे.

'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' बद्दल एकच विचारतो. 'या विभागाची स्थापना कोणत्या उद्देशाने झाली?' हा प्रश्न आजवर कोणी, कोणत्या खिडकीवर, विचारला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न तीनच आहेत. साहेब आलेत का? सर्व्हर चालू झाला का? आणि, आणखी काय आणू?

सरकारला हे जमतच नाही असं मात्र म्हणू नये. मराठी विश्वकोशही सरकारचाच. लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून तो उभा केला, १९७६ साली पहिला खंड आला आणि आज सगळे खंड संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. तिथे 'आंबा' ही नोंद काढा, खाली आंबाच असतो. 'आंब्याबाबत माहिती संबंधित कार्यालयाकडे उपलब्ध' असं नसतं. दुसरं उदाहरण महाभूलेखचं. तिथे फुकट मिळणाऱ्या उताऱ्याचा मथळा आहे 'विनास्वाक्षरीत ७/१२'. खाली खरोखरच सही नसते. सही हवी तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत वेगळा. यात काय आहे आणि काय नाही, दोन्ही मथळ्यातच सांगून टाकलं. असा स्वच्छ व्यवहार जमिनीच्या कागदात निघावा, याचं कोकणातल्या माझ्या भाऊबंदांना अजून आश्चर्य वाटतं.

मग बाकीच्यांचं घोडं कुठे पेंड खातं? भाऊसाहेबांनी ते समजावून सांगितलं, आणि त्यांच्या नोकरीचं सार्थक झालं असं मला वाटलं. संकेतस्थळ संगणक शाखेकडे असतं. संगणक शाखा म्हणजे कंत्राटावरचा एक मुलगा आणि एक प्रिंटर. तपासणीच्या यादीत मथळे असतात, म्हणून मुलगा मथळे करतो. मजकूर त्याचा नसतो, तो शाखांकडून मागवायचा असतो. मग पत्र जातं: 'आपल्या शाखेशी संबंधित माहिती दोन दिवसांत सादर करावी.' शाखा पत्र आवक करून घेते. पुढे स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन. मग साहेबांच्या सहीने अर्धशासकीय पत्र, जे 'प्रिय' पासून सुरू होतं आणि ज्यात पुढे प्रेमाचं काही नसतं. त्याच्या शेवटी धमकी: 'विहित मुदतीत माहिती प्राप्त न झाल्यास आपली माहिती निरंक आहे असे समजण्यात येईल.'

"ही धमकी आहे?" भाच्याने विचारलं.

"लिहिणाऱ्याच्या दृष्टीने," भाऊसाहेब म्हणाले. "शाखेच्या दृष्टीने सवलत."

यात शाखेतली माणसं अज्ञानी असतात असं अजिबात नाही. खिडकीवरच्या बाईंना सगळं माहीत असतं. 'रेशनकार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, आधार, घरमालकाची संमती. मंगळवारी या, साहेब त्या दिवशी फिरतीवर नसतात.' हे उत्तर त्या दिवसभर न चुकता देतात. ते उत्तर कागदावर येताना मात्र 'आवश्यक ती सर्व कागदपत्रे' असं होऊन येतं. कारण बोललेल्यावर सही नसते आणि लिहिलेल्यावर असते. चार कागद लिहिले आणि उद्या परिपत्रकाने पाचवा मागितला, तर जबाबदार कोण? 'आवश्यक ती सर्व' यात पाचवाही बसतो, सहावाही बसतो. मथळा तपासणाऱ्या साहेबासाठी असतो, मजकूर लिहिणाऱ्याच्या बचावासाठी. ज्याला काम आहे त्याच्यासाठी यातलं काहीच नसतं.

त्याच्यासाठी कार्यालयाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सचं दुकान असतं. कोणत्याही तहसील कार्यालयासमोर जाऊन पाहा. पत्र्याच्या टपरीत, काचेला आतून चिकटवलेला एक कागद असतो. त्यावर हाताने लिहिलेलं असतं: 'उत्पन्न दाखला', आणि खाली कागदपत्रं, क्रमाने. एखादं कमी झालं असेल तर त्यावर पेनने रेघ, नवीन आलं असेल तर बाजूला वेगळ्या शाईत. मथळा आणि मजकूर यांत केसाचं अंतर नाही. चुकला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडेल, हे दुकानदाराला ठाऊक असतं. त्याला कोणती मार्गदर्शक तत्त्वं लागत नाहीत आणि त्याच्याकडे गुणवत्ता परिषदही फिरकत नाही. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक टायपात, 'येथील माहितीचा कायदेशीर कामासाठी वापर करू नये' असं अस्वीकरण असतं. टपरीवाल्याने असं कुठे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

तपासणी संपली. बहुतेक मथळ्यांपुढे दुसऱ्या रकान्यात 'होय' आणि तिसऱ्यात 'नाही' अशी रांग लागली. बिनशर्त 'होय' मिळालेल्यांत 'भेट देणाऱ्यांची संख्या' हा मथळा होता. खाली आकडा होता आणि भाचा पान उघडेल तसा तो एकेकाने वाढत होता. अहवाल गेला आणि परत आला. कार्यालयाचं म्हणणं, होय आणि नाही हे दोनच पर्याय अन्यायकारक आहेत, तिसरा 'अंशतः' असा द्यावा. भाच्याच्या साहेबांनी तो दिला. आता शेरा कसा लिहायचा, म्हणून तो पुन्हा भाऊसाहेबांकडे आला. त्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि न खोडता एका ओळीत लिहून दिलं: 'मथळा व मजकूर यांमध्ये सकृद्दर्शनी गंभीर स्वरूपाची विसंगती आढळून येत नाही, तथापि आवश्यक तेथे आवश्यक ती सुधारणा नियमानुसार करण्यात यावी.' अहवाल मंजूर झाला. कार्यालयाला गुण चांगले पडले, आणि मुखपृष्ठावर 'यशोगाथा' खाली नवी भर पडली. लुकलुकते आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमचं काम ज्या कार्यालयात अडलं असेल, त्याच्या संकेतस्थळावरची सनद उघडा आणि 'वेळेची मर्यादा' हा रकाना वाचा. तिथे दिवस लिहिलेले असतील तर त्या कार्यालयाला मनातल्या मनात नमस्कार करा. 'नियमानुसार' असं असेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तो नियम मागा, प्रतीसह. उत्तराला त्यांच्याकडे ३० दिवस आहेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'कोणता नियम?' हे दोनच शब्द आहेत.